जाळरेषेपलीकडे पडणारी ठिणगी

नागपूरहून पेंचच्या जंगलाकडे जाताना उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाच्या पाचोळ्यातून काढलेल्या जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी पाचोळा हटवून मोकळे केलेले पट्टे, दिसतात, आणि त्यांच्या मर्यादेची मला मनापासून काळजी वाटते. जमिनीवरून सरकणारी आग ही रेषा अडवते. हवेतून येणारी ठिणगी तिला अडवता येत नाही. ज्वाळांवरची तापलेली हवा वेगाने वर चढताना पाने, काटक्या आणि साली उचलते व वारा त्या पुढे नेतो. पान दूर जाते, पण बहुधा वाटेतच विझते. जाड काटकी बराच वेळ धुमसते, पण लवकर खाली पडते. सालीचा चपटा तुकडा मात्र तरंगतोही आणि धुमसतही राहतो, म्हणून तोच सर्वांत घातक. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत निलगिरीच्या सालींमुळे मूळ आगीपासून सुमारे ३० किलोमीटरपर्यंत नव्या आगी लागल्या. आपल्याकडील आग बहुतेक पाचोळ्यातलीच, तिच्या ज्वाळा एवढ्या उंच जात नाहीत. तरीही रेषेलगतचे वाळलेले, पोकळ खोड पेटले, तर ते उंचावरून निखारे पलीकडे टाकत राहते, आणि भर दुपारच्या कोरड्या हवेत पाचोळ्याला तेवढे पुरते. म्हणून रेषा झाडण्याइतकेच अशा खोडांवर लक्ष ठेवणे आणि आग विझल्यावरही वाऱ्याच्या दिशेचा पट्टा तपासत राहणे मला अत्यंत निकडीचे वाटते.