विष सापडलेला खटला आणि विष न सापडलेला खटला

विषप्रयोगाच्या खटल्यांचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मला नेहमी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. दोन्हींचा पुण्याशी संबंध आहे. पहिला 14 डिसेंबर 1959 चा, ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’. त्यात मृतदेहात कोणतेही विष सापडले नव्हते, तरीही आरोपी डॉक्टरची फाशीची शिक्षा कायम झाली. दुसरा 17 जुलै 1984 चा, ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. त्यात मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला याबद्दल वाद उरला नव्हता, तरीही उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी रद्द होऊन आरोपी सुटला. विषाचा शोध हा खटल्याचा निकालच असतो, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे दोन निकाल वाचायला हवेत असे मला मनापासून वाटते.

लागू खटल्यातील स्त्री सधन विधवा होती आणि तिला मधुमेह होता. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री ती डॉक्टरबरोबर रेल्वेने पुण्याहून मुंबईला निघाली. पहाटे तिला बेशुद्ध अवस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि त्याच दिवशी दुपारपूर्वी तिचा मृत्यू झाला. रुग्णालयात तिचे खोटे नाव सांगितले गेले, नातेवाइकांना काहीही कळवले गेले नाही, आणि देह बेवारस ठरला. शवविच्छेदन झाले ते 23 नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनी. तोवर ती जिवंत असल्याचे भासवणारी पत्रे आणि तिच्या संपत्तीची विल्हेवाट असा प्रकार सुरू झाला होता. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात विष आढळले नाही आणि मधुमेहामुळे आलेल्या मूर्च्छेतच तिचा अंत झाला, असा बचाव मांडण्यात आला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने तो नाकारला. रुग्णालयात दिसलेली लक्षणे मधुमेही मूर्च्छेशी जुळत नव्हती, आणि वैद्यकीय ज्ञान असलेला माणूस न सापडणारे द्रव्य निवडू शकतो हेही न्यायालयाने लक्षात घेतले. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. मृत्यू विषाने झाला हेच सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते हलक्याने बाजूला सारण्यासारखे नाही.

विष सापडत नाही, ते का? याचे उत्तर प्रयोगशाळेच्या बरेच आधी, शवागारात सुरू होते. आपल्याकडे रूढ पद्धतीनुसार जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आतील पदार्थांसह एका बरणीत, तर यकृताचा आणि मूत्रपिंडांचा भाग दुसऱ्या बरणीत ठेवतात. दोन्हींत साध्या मिठाचे संपृक्त द्रावण घालतात. त्या द्रावणाचा वेगळा नमुनाही पाठवावा लागतो, कारण विष मिठातूनच आले असा आक्षेप पुढे निघाला तर त्याला उत्तर द्यावे लागते. रक्त वेगळे घेतात आणि त्यात सोडियम फ्लोराइड घालतात, नाहीतर जंतूंच्या क्रियेने बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकते. रक्त हृदयातून घेतले की मांडीच्या शिरेतून, यालाही महत्त्व असते. मृत्यूनंतर काही औषधे यकृत आणि फुफ्फुसांतून जवळच्या रक्तात झिरपतात, त्यामुळे हृदयातल्या रक्ताचा आकडा जिवंतपणी असलेल्या प्रमाणापेक्षा कितीतरी फुगलेला असू शकतो. त्यानंतर लाखेची मोहर, मोहरेचा नमुना, मुद्देमालाची नोंद आणि बरण्या घेऊन जाणाऱ्या पोलीस शिपायाची सही असा प्रवास सुरू होतो. यांतला एक दुवा निखळला, तरी पुढच्या उत्तम रसायनशास्त्राचा न्यायालयात उपयोग होत नाही.

प्रयोगशाळेत पोहोचलेला यकृताचा तुकडा म्हणजे प्रथिने, चरबी आणि कुजण्यातून निर्माण झालेली असंख्य द्रव्ये. त्यांच्यातून काही मिलिग्रॅम, कधी त्याहूनही कमी विष वेगळे काढायचे असते. वनस्पतिजन्य विषांसाठी ही वाट 1850 मध्ये बेल्जियममध्ये सापडली. तिथल्या एका सरदाराने मेव्हण्याला तंबाखूतून काढलेले निकोटिन पाजून मारल्याचा संशय होता, आणि ब्रुसेल्सचे रसायनशास्त्रज्ञ जाँ सर्वे स्तास यांनी मृतदेहाच्या अवयवांतून ते निकोटिन वेगळे करून दाखवले. आम्लयुक्त अल्कोहोलने अवयवातील द्रव्य ओढून घ्यायचे, मग द्रावण अल्कलीयुक्त करून विष इथरमध्ये उतरवायचे, हे त्यांचे तत्त्व. त्यावर ऑटो यांनी सुधारणा केली आणि स्तास–ऑटो पद्धतीचे नाव आजही प्रत्येक विषशास्त्रज्ञाच्या तोंडी असते. आर्सेनिकसारख्या धातुजन्य विषांसाठी जेम्स मार्श यांची चाचणी त्याआधीच, 1836 मध्ये प्रसिद्ध झाली होती.

वेगळे काढलेले द्रव्य ओळखणे ही पुढची पायरी. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर अर्काचा थेंब ठेवून तो विद्रावकाबरोबर वर चढू द्यायचा आणि ठिपका किती उंचीवर थांबतो, फवारणीनंतर कोणता रंग येतो हे पाहायचे, ही स्वस्त आणि उपयुक्त प्राथमिक चाचणी आहे. पण तिच्या आधारावर कोणाला तुरुंगात पाठवता येणार नाही. खात्रीसाठी क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातली द्रव्ये नळीतून वेगवेगळी करण्याच्या पद्धतीला, मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणारे यंत्र जोडतात. द्रव्य नळीतून बाहेर यायला लागणारा वेळ आणि त्याच्या रेणूचे तुकडे कोणत्या वस्तुमानाचे पडतात, या दोन्ही गोष्टी ज्ञात नमुन्याशी जुळाव्या लागतात. अनेकदा मूळ द्रव्यापेक्षा शरीराने त्याचे केलेले रूपांतर अधिक बोलके असते. रक्तातले मॉर्फिन औषधातूनही येऊ शकते, परंतु मूत्रात 6-मोनोअॅसिटिलमॉर्फिन आढळले, तर हेरॉइन घेतले होते असा निष्कर्ष काढता येतो.

तरीही काही द्रव्ये निसटतात. धान्यात ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू बनतो आणि बरणीचे झाकण सैल असेल तर तो उडून जातो. पोटॅशियम आणि इन्सुलिन तर शरीरात मुळातच असतात. लागू खटल्यातील मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, मे 1957 मध्ये, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे केनेथ बार्लो या परिचारकाची पत्नी स्नानाच्या टबात मृतावस्थेत आढळली. नेहमीच्या चाचण्यांत विष निघाले नाही. पण तपासणाऱ्यांनी भिंगाने कातडी पाहिली, नितंबांवर सुईच्या खुणा शोधल्या, तिथल्या ऊतींचा अर्क उंदरांना टोचला, आणि उंदरांना इन्सुलिनची लक्षणे दिसली. बार्लो दोषी ठरला. मला या तपासाचे फार मोल वाटते. तिथे यंत्र नवे नव्हते. कुठे आणि कशासाठी शोधायचे, हा प्रश्न नेमका विचारला गेला. आज असा संशय आल्यास, योग्य वेळी घेतलेले रक्त हाती असेल तर इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइडही मोजतात. स्वादुपिंड दोन्ही एकत्र सोडते, टोचलेल्या इन्सुलिनबरोबर मात्र सी-पेप्टाइड येत नाही.

आता सारडा खटला. जून 1982 मध्ये, लग्नानंतर काही महिन्यांतच, पुण्यातील एका तरुणीचा मृत्यू झाला. सायनाइड रसायनशास्त्राला ओळखता येते. नमुना आम्लयुक्त करून निघणारा वायू अल्कलीत पकडायचा, मग लोहक्षारांनी त्याचा गडद निळा रंग आणायचा, ही जुनी रीत आहे. पण सायनाइड पाजले गेले की स्वतः घेतले, हे तो निळा रंग सांगू शकत नाही. मृत स्त्रीच्या पत्रांतून तिचे दुःख दिसत होते आणि आत्महत्येची शक्यता पुसली गेलेली नव्हती. न्यायालयाने विषप्रयोगाच्या खटल्यासाठी चार गोष्टी आवश्यक मानल्या: स्पष्ट हेतू, त्याच विषाने मृत्यू, आरोपीच्या ताब्यात ते विष असणे आणि ते देण्याची संधी. यांपैकी फक्त दुसऱ्या गोष्टीचे उत्तर प्रयोगशाळेकडून येते. पुढे 1988 मध्ये ‘भूपिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात, विष ताब्यात असल्याचा पुरावा नाही एवढ्यावरून आरोपी सुटू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 नुसार सरकारी विश्लेषकाचा अहवाल त्याच्या साक्षीविना पुराव्यात वाचता येतो, आणि गरज वाटल्यास न्यायालय त्याला बोलावू शकते. पोलीस आणि वकील ज्याला सी.ए. रिपोर्ट म्हणतात, त्यातले ‘विष आढळले नाही’ हे वाक्य म्हणूनच फार वजनाचे ठरते. त्या वाक्याखाली विषांच्या कोणत्या गटांसाठी तपासणी केली, कोणत्या पद्धतीने केली, किती प्रमाणापर्यंतचे विष त्या पद्धतीला दिसू शकले असते आणि नमुना कोणत्या अवस्थेत हाती आला, एवढे प्रत्येक अहवालात लिहिणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.