कुणाला नडलं होतं?

आज भाचीने अकरावीचं गणिताचं पुस्तक पुढ्यात आपटलं. "मामा, ऋण संख्येला वर्गमूळ नसतं असं इतकी वर्षं घोकून घेतलं, आता म्हणे असतं! कुणाला नडलं होतं?"

नडलं होतं, सोळाव्या शतकातल्या इटलीत. पुस्तकं क्ष² + १ = ० देऊन मोकळी होतात, पण त्यापायी कुणाची झोप उडाली नव्हती. 'उत्तर नाही' म्हटलं की संपलं! खरी गोची घनसमीकरणात झाली. क्ष³ = १५क्ष + ४ घ्या. क्ष = ४ घातलं की दोन्हीकडे ६४, चोख. पण कार्डानो या इटालियन गणितज्ञाने १५४५ मध्ये छापलेल्या सूत्राने जा, मध्येच √−१२१ आडवं येतं. उत्तर तर समोर दिसतंय, मग सोडणार कसं?

बॉम्बेली हा दलदली उपसणारा इंजिनिअर. १५७२ च्या ग्रंथात त्याने हिशेब तसाच पुढे रेटला. सूत्रात दोन घनमुळांची बेरीज येते: २ + √−१२१ चं घनमूळ २ + √−१, त्याच्या जोडीदाराचं, म्हणजे २ − √−१२१ चं, २ − √−१. बेरीज ४!

भाचीने वहीत घन करून पडताळलंच. हे धड्यात चार ओळींत का देत नाहीत, देव जाणे. आता तिला ऋण संख्यांचे नियम कुणी मांडले ते हवंय. उद्या ब्रह्मगुप्त, इ.स. ६२८.