घोटाभर पाणी

दोन तारे असलेल्या हॉटेलात रिसेप्शनवर बसणं म्हणजे किल्ल्या देणं आणि पर्यटन कर घेणं, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या साँ मालोत, संध्याकाळच्या पाळीचा माणूसच उद्याच्या न्याहारीची टेबलं लावून ठेवतो. उधाण असलं की समुद्राकडच्या खिडक्यांच्या झडपा बंद करतो. आणि मी प्रत्येक पाहुण्याला भरतीची वेळ तोंडाने सांगते. ते कामाच्या यादीत नाही.

मी रत्नागिरीची. आमच्याकडे उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं. इथे मोठ्या उधाणाला बारा मीटरच्या वर. फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला, ती किती मोठी त्यावरून, २० ते १२० असा अंक देतात. शंभरी ओलांडली आणि वारा असला की लाटा बांधावरून थेट रस्त्यावर येतात. सप्टेंबरअखेरच्या त्या दिवशी अंक होता १०८.

वाईचं एक वयस्क जोडपं दुपारीच बाहेर पडलं होतं. सकाळच्या पाळीवरच्या सहकाऱ्याने त्यांना वेळापत्रकाचा कागद दिला होता, फ्रेंचमधला. माणूस भला, पण कागद हातात दिला की जबाबदारी संपली असं मानणारा.

साडेपाचला काकूंचा फोन आला. दोघं ग्राँ बे बेटावर, फ्रेंच लेखक शातोब्रियाँची कबर बघायला गेलेली. ओहोटीला पुळणीवरून दगडी वाटेने तिथे चालत जाता येतं. आता वाटेवर पाणी आलं होतं आणि काका बूट काढत होते.

मी म्हटलं, फोन त्यांच्याकडे द्या.

"अगं पोरी, घोटाभर पाणी आहे. किनारा समोर दिसतोय."

"काका, उतरू नका. आधी वर चढा."

"कृष्णेकाठी जन्म गेला माझा. पाणी कळतं मला."

खरंच कळत असणार. पण नदीतलं घोटाभर पाणी, पूर नसेल तर, तासाभराने घोटाभरच असतं. इथे भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने चढतं, दर तासाला एकूण चढाचा चौथा भाग. म्हणजे ताशी तीन मीटर, मिनिटाला पाच सेंटिमीटर. शेवाळलेल्या दगडांवरून साठीतली दोन माणसं अर्ध्या वाटेत पोचेपर्यंत पाणी मांडीला लागलं असतं, आणि ते आडवं ओढतं. हा हिशोब मी त्यांना ऐकवला. ते गप्प झाले, पण पटलं म्हणून नाही. काकूंनी त्यांचा दंड धरला होता, हे मला नंतर कळलं.

काकूंना मधुमेह, इन्सुलिन खोलीत. दुसऱ्या फोनवरून मी १९६ लावला, समुद्रातल्या संकटाचा नंबर. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: कोरडे आहेत का, उंचावर आहेत का, खायला काय आहे? काकूंच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि पाणी होतं. वाट मोकळी होईपर्यंत तिथेच थांबू दे, दर अर्ध्या तासाने बोलत राहा, तब्येत बिघडली तर लगेच कळवा, असं ठरलं. बेटावर महायुद्धातल्या जर्मन बंकरांचे अवशेष आहेत. त्यांच्या आडोशाला बसा, म्हणून मी काकूंना सांगितलं. समोर तीन पाहुणे 'समुद्राकडची खोली घेतली, पण लाटांचा आवाज फार होतो' अशी तक्रार घेऊन उभे होते. जास्तीचे पैसे भरून नेमकी तीच खोली मागितली होती त्यांनी.

मध्यरात्रीच्या सुमारास दोघं परतली. काकूंचे ओठ थंडीने निळे, पण साखर ठीक. मी आल्याचा चहा केला.

सकाळी काका न्याहारीला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही आरामात आलो असतो. तू उगाच सहा तास वाऱ्यात बसवलंस हिला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. बुडाले असते हे मी दाखवू शकत नाही. त्या गारठ्यात काकूंची साखर बिघडली असती तर मात्र ते सगळ्यांना दिसलं असतं. तरी पुन्हा फोन आला तर मी हेच सांगेन.

बेटावरून कधीपर्यंत परतायचं ती वेळ किल्लीबरोबरच, पाहुण्याला कळेल त्या भाषेत लिहून द्यावी, असं मी मालकांना सुचवलंय. ते म्हणतात, काउंटरवर आधीच फार कागद झालेत. पुढचं मोठं उधाण ऑक्टोबरात आहे, म्हणून मी चिठ्ठ्या लिहायला घेतल्यात.