काँगोचे काका, अपडेट ४: जादोव्हिल गेलं, भटारखाना सापडला

मंडळी, तीन महिने गायब होते त्याबद्दल सॉरी, पण या वेळी खरंच काहीतरी हाती लागलंय. आधी वाईट बातमी. काका जादोव्हिलला, म्हणजे काँगोतल्या १९६१ च्या त्या गाजलेल्या वेढ्यात, नव्हते. मागच्या वेळी मी "जवळजवळ नक्कीच होते" असं छातीठोकपणे लिहिलं होतं, ते मागे घेते.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: मी आयर्लंडमध्ये अथलोनला राहते, सासर इथलंच. काका म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, नव्वदच्या दशकात गेले. आयरिश आर्मीत होते, यूएनच्या शांतिसेनेतून काँगोला जाऊन आले आणि घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आमचं सगळं भांडवल म्हणजे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात एक मेडल, तीन फोटो, तुटलेली रोझरी आणि एक रिकामं एअरमेलचं पाकीट. पाकीट रिकामं म्हणून मी ते दोन वर्षं उघडून बघितलंसुद्धा नव्हतं, हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

जादोव्हिल आमच्या घरात कसं शिरलं तेही सांगते. सप्टेंबर १९६१, काँगोतून फुटून निघालेला कटांगा प्रांत, ३५व्या बटालियनची ए कंपनी, कमांडंट पॅट क्विनलन आणि साधारण दीडशे पोरं, पाच दिवस वेढ्यात लढली, पाणी आणि दारूगोळा संपल्यावर शरण गेली, आयरिश बाजूचा एकही जण मेला नाही. पण "शरण गेले" हा शब्द त्यांना पुढं जन्मभर चिकटला, घरी आल्यावर कौतुक सोडाच, टोमणे ऐकले. २०१६ मध्ये कंपनीला सन्मानपत्र मिळालं, २०१७ मध्ये पदकं दिली, तीही इथं आमच्या अथलोनच्या कस्ट्यूम बॅरॅक्समध्ये, कारण ती कंपनी वेस्टर्न कमांडची, म्हणजे आर्मीच्या इथल्याच पश्चिम विभागाची. त्याच सुमारास नेटफ्लिक्सवर सिनेमा आला आणि मग काय, गावातल्या प्रत्येक घरातला गप्प बसणारा काका जादोव्हिलचा निघाला. काका अथलोनचे, काका गप्प, म्हणजे जादोव्हिल. माझ्या नणंदेनं तर ऑफिसात सांगूनही टाकलं होतं.

आता पुरावे. सगळ्यात आधी मेडल. यूएनच्या मेडलवर साधारणपणे नाव कोरलेलं नसतं, त्यामुळे डब्यात मेडल आहे म्हणून ते त्याच माणसाचं असं समजू नका, पण रिबन बोलते. काँगोसाठी सुरुवातीला जे मेडल दिलं त्याची रिबन निळी, कडेला दोन पांढऱ्या रेघा, आणि वर 'काँगो' लिहिलेली छोटी पट्टी. १९६३ पासून काँगोची वेगळी रिबन आली, ती हिरवी. आमची निळी, पट्टीवाली. म्हणजे १९६३ च्या आधीची असणार. छान, पण १९६० ते ६२ मध्ये अर्धा डझन बटालियन जाऊन आल्या, त्यामुळे घोडं तिथंच पेंड खात बसलं.

मग फोटो. एका फोटोत पाच जण हाफ पॅंट, बाह्या वर केलेल्या. यावरून एक अंदाज बांधता येतो, कारण जुलै-ऑगस्ट १९६० ला जी पहिली पोरं गेली, ३२वी आणि ३३वी बटालियन, ती इथल्या थंडीतले जाडजूड लोकरी युनिफॉर्म घालूनच विषुववृत्तावर उतरली होती. 'बुल्स वूल' म्हणतात त्याला इथं, हात लावला तरी खाज सुटते असं सासरे सांगतात. हाफ पॅंटवरून नक्की काही ठरत नाही, पण मनात नोंद करून ठेवली. फोटोच्या मागं पेन्सिलनं लिहिलंय, "ई'व्हिल, पॅडीज डे, ६२". हे मी गेल्या वर्षीच वाचलं होतं आणि ६१ समजले होते! पेन्सिल पुसट झालेली, २ चं शेपूट गेलेलं. या वेळी फोन आडवा धरून टॉर्च बाजूनं मारला, कागदावर पेन्सिलचा दाब असतो ना, तो दिसला. स्पष्ट २.

ई'व्हिल म्हणजे एलिझाबेथव्हिल, आजचं लुबुंबाशी. ही नावं पाठ करून ठेवा, नाहीतर मॅपवर शोधत बसाल: जादोव्हिल म्हणजे लिकासी, आल्बर्टव्हिल म्हणजे कालेमी, लिओपोल्डव्हिल म्हणजे किन्शासा. आणि १७ मार्च १९६२ ला जर काका एलिझाबेथव्हिलमध्ये सेंट पॅट्रिक्स डे साजरा करत असतील तर ते ३५व्या बटालियनमध्ये असूच शकत नाहीत, कारण ३५वी डिसेंबर १९६१ मध्येच घरी परतली आणि तिच्या जागी ३६वी आली. झालं, एका २ च्या शेपटानं घरातली दंतकथा उडवली.

मग सहज म्हणून ते रिकामं पाकीट उचललं. मागं पाठवणाऱ्याचा पत्ता: नंबर, हुद्दा, "एचक्यू कॉय, ३६ इन्फ बीएन, ओएनयूसी", म्हणजे हेडक्वार्टर्स कंपनी, ३६वी इन्फन्ट्री बटालियन, यूएनची काँगो मोहीम. काखेत कळसा. दोन वर्षं!

आता कागदी काम, इथं मी स्वतः माती खाल्ली म्हणून सविस्तर लिहिते. आर्मीची जुनी सर्व्हिस फाइल बघायची तर जवळच्या नातेवाइकानं अर्ज करायचा, माणूस गेल्याचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडायचा. काकांना मूलबाळ नाही, म्हणून अर्ज सासऱ्यांच्या नावानं. (इथं सासऱ्यांना सगळे नावानं हाक मारतात, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझी जीभ वळत नाही, मी आपलं 'डॅड' म्हणते.) जन्मतारीख मी मेमोरियल कार्डवरून घेतली. हे कार्ड म्हणजे माणूस गेल्यावर घरचे छापतात, फोटो, प्रार्थना, वय, आणि आजी लोक ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात. त्यातल्या वयावरून साल काढलं, अर्ज केला, उत्तर आलं: या तपशिलाचा माणूस सापडत नाही. मी हादरले. मग सासरेच हळूच म्हणाले, "अगं, तो वय वाढवून भरती झाला होता." एक वर्ष! आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा अर्ज करताना जन्मसालाच्या पुढं-मागं एकदोन वर्षं धरून लिहा, आणि सर्व्हिस नंबर कुठंही मिळाला तर तोच सगळ्यात आधी द्या. आम्हाला पाकिटावरचाच नंबर उपयोगी पडला.

जन्माचा दाखला ऑनलाइन शोधायला जाऊ नका हेही सांगून ठेवते. इथली सरकारी वंशावळीची साइट फुकट आहे आणि सुंदर आहे पण जन्म १०० वर्षांपूर्वीचे, लग्न ७५, मृत्यू ५० वर्षांपूर्वीचे एवढेच उघडतात. काका चाळीसच्या दशकातले, म्हणजे दोन्हीकडून अडकले. दाखला मागवावाच लागतो. माझ्या माहेरच्यांची वंशावळ बघायला त्र्यंबकला गेलो तर तिथल्या उपाध्यायांनी वही उघडली आणि दहा मिनिटांत पणजोबांची सही समोर, ते आठवून जीव जळाला.

दुसरा अर्ज लागू पडला. फाइल म्हणजे काही जाडजूड नाही, मोजकी पानं. भरतीची तारीख, उंची, हुद्दा, परदेशी सेवा: काँगो, डिसेंबर १९६१ ते मे १९६२. आणि ट्रेड या रकान्यात एकच शब्द. कुक.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सासऱ्यांनी ते पान चष्मा वर करून, खाली करून वाचलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरी कधी साधा चहा केला नाही त्यानं." नणंदेला फोन केला तर ती म्हणते, "मग आता मी ऑफिसात काय सांगू?" हसू आवरेना, पण तिचा आवाज खरंच पडला होता.

मला मात्र हे जादोव्हिलपेक्षा भारी वाटतंय, कारण ३६वी बटालियन म्हणजे सहलीला गेलेली मंडळी नव्हेत. ती पोचली तेव्हा शहरात लढाई पेटलेली, कॅम्पवर मॉर्टर पडत होते. १६ डिसेंबर १९६१ ला पहाटे, धो धो पावसात, त्यांनी शहरातल्या रेल्वेच्या टनेलवर हल्ला करून ती जागा घेतली, त्यात माणसं गेली. त्या सगळ्या दिवसांत कुणीतरी पातेली चढवत होतंच ना. पोरं परत आली की गरम काहीतरी हातात द्यायचं, आणि काही डबे तसेच परत यायचे. गप्प राहायला एवढं पुरेसं आहे की. काँगोत सहा हजारांवर आयरिश सैनिक गेले, २६ परत आले नाहीत, आणि लोकांना दोनच नावं माहीत, निएम्बा (जिथं १९६० मध्ये आयरिश तुकडीवर दबा धरून हल्ला झाला) आणि जादोव्हिल.

आता तिसरा फोटो, आणि हा खास आपल्यासाठी. काका ॲप्रनमध्ये, हातात डाव, मागं तंबूची दोरी, आणि शेजारी त्यांच्या खांद्याला लागणारा एक हसरा माणूस, कमरेला खुकरी. गोरखा! सासरच्यांना वाटायचं कुणी स्थानिक माणूस असेल. भारताची ब्रिगेड त्याच शहरात होती. जादोव्हिलला अडकलेल्यांची सुटका करायला जी तुकडी निघाली होती त्यातही गोरखा जवान होते, लुफिरा नदीच्या पुलावरून ती मागं फिरली. आणि ५ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे ३६वी येत होती त्याच दिवसांत, ३/१ गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया याच एलिझाबेथव्हिलमध्ये रस्ता मोकळा करताना धारातीर्थी पडले. परमवीर चक्र. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेला पहिला परमवीर. मी पुण्याची, एनडीएच्या गेटवरून शेकडो वेळा गेलेय, आणि तो धागा अथलोनच्या बिस्किटाच्या डब्यात येऊन भेटेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सासऱ्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी फोटो परत मागून घेतला आणि फ्रेम करायला टाकला. मूळ फोटो फ्रेम करू नका, कॉपी करा, असं सांगायला मला दोन दिवस धीर झाला नाही, मग सांगितलं. ऐकलं त्यांनी.

ज्यांच्या घरी असंच काही आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट, बटालियनचा नंबर मिळवा, बाकी सगळं त्याच्या मागं येतं. ३२ ते ३९ म्हणजे काँगो, ४० म्हणजे १९६४ चं सायप्रस, ४३ म्हणजे १९७८ चं लेबनॉन आणि तिथून पुढं. हुद्दाही बघा: 'ट्रूपर' लिहिलं असेल तर घोडदळाचा, म्हणजे आता चिलखती गाड्यांचा माणूस, 'गनर' असेल तर तोफखान्याचा. आणि पॅट्रिकचा पॅडी, मायकेलचा मिक असा हिशेब धरूनच शोधा.

पुढचं काम: डब्लिनला राथमाइन्समधल्या कॅथल ब्रुगा बॅरॅक्समध्ये मिलिटरी आर्काइव्ह्ज आहे, तिथं ३६व्या बटालियनची युनिट हिस्टरी वाचायला जायचंय, आधी वेळ ठरवून जावं लागतं, पुढच्या महिन्यातली मिळालीय. सासरे म्हणतात मीपण येतो. आणि हो, डब्याच्या तळाला जो कागद चिकटवलाय त्याच्याखाली काहीतरी चपटं आहे, हाताला लागतं. केस वाळवायच्या ड्रायरनं डिंक सैल करून बघते, घाई करणार नाही.