कळवायचं राहिलं

मुलानं कुठं राहायचं ते ठरवणाऱ्या बैठकीचा अहवाल सहीसाठी आलाय. तसा नेटका आहे. ‘मुलाचे मत’ या रकान्यात चार ओळी, त्याही मुलाच्याच शब्दांत. तरी मन खालच्या रकान्यावरच अडतंय: निर्णय मुलाला कोणी सांगितला, कधी? तिथं काहीच नाही.

मत घ्यायला केवढा खटाटोप असतो! बैठकीआधी निदान दोन भेटी. पहिलीत फक्त समजावायचं: काय ठरणार आहे, कोण ठरवणार, त्याच्या म्हणण्यानं काय बदलू शकतं आणि काय आधीच ठरून गेलंय. कोणी इजा करतंय असं कळलं तर ते गुपित ठेवता येणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकायचं. ऐकायचं ते दुसऱ्या भेटीत, आणि मूल ज्यांच्याकडे राहतं त्यांच्यादेखत तर नाहीच. भावंडांना वेगवेगळं भेटायचं, नाहीतर मोठं बोलतं आणि धाकटं नुसती मान डोलावतं. ‘आवडतं ना तुला तिथं?’ असं विचारलं की ‘हो’ येणारच. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आपलं आधीचं चुकलं असं वाटून मूल उत्तर बदलतं, आणि शेरा पडतो, ‘मतावर ठाम नाही’. बोलायचं नसेल तर चित्र, चिठ्ठी, रेकॉर्डिंग. काहीच सांगायचं नसेल तर तोही त्याचा हक्क.

एवढं करून कागद फायलीत. वाचतं कोण? आपणच का जीव काढायचा... जाऊ दे.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क कराराचं 12वं कलम, मुलाला आपल्याविषयीच्या निर्णयात मत मांडायचा हक्क देणारं, सगळ्यांना पाठ असतं. 2009 साली संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीनं ते उलगडून सांगितलं, त्यात पाच पायऱ्या आहेत: तयारी, ऐकणं, मुलाची समज जोखणं, त्याच्या मताचं काय झालं ते कळवणं, तक्रारीची सोय. चौथीपाशी भलेभले ढेपाळतात. दुष्टपणा नसतो बहुतेकदा. निर्णय मुलाच्या मनाविरुद्ध गेला की सांगायला जीभ रेटत नाही, एवढंच. मग मुलाला ते सामान भरायच्या दिवशी कळतं. पुढच्या वेळी विचारलं की ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतं, आणि आपण त्याला समजूतदार ठरवतो!

खरं तर लागतं किती? शाळा बदलणार नाही, हे तुझं ऐकलं. बहिणीकडे राहणं आत्ता जमणार नाही, कारण त्या घरात जागा एकाचीच आहे. पुन्हा कधी बघणार ते असं, पटलं नाही तर तक्रार अशी करायची. समोर बसून, दहा मिनिटांत होतं.

त्यासाठी नवा फॉर्म काढा म्हटलं तर काढतीलही, एक रकाना वाढवून. त्यापेक्षा अहवालावर सही मागायला आले की आधी मुलाला सांगितल्याची तारीख विचारावी. किटकिट वाटेल त्यांना. वाटू दे.