तुम्ही विचारलंत म्हणून: सरचूहून माघारी का फिरलो

"लेह अडीचशे किलोमीटरवर असताना परत का फिरलात?" लग्नात, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाड्यावर, हाच प्रश्न. आणि लगेच डोळे बारीक करून, "नणंदेमुळे ना?" साताऱ्याहून दोघी दोन बुलेट घेऊन निघालेल्या, त्यातही नणंद-भावजय, म्हणजे वाटेत कुठंतरी फाटलंच असणार, असा सगळ्यांचा हिशेब. फाटलं नव्हतं. एकदाच सांगते.

मनाली-लेह रस्त्यावरची सरचू ही जागाच अडचणीची. उंची ४,३०० मीटरच्या आसपास, चहूकडे उघडं पठार, दुपारनंतर वारा असा की स्टँडवर लावलेली गाडी हलते. पुढं जावं तर नकी ला, लाचुंग ला (ला म्हणजे खिंड), मोरे मैदान आणि ५,३०० मीटरवरचा टांगलांग ला. मागं फिरावं तर बारालाचा खिंड, ४,९०० च्या जवळ. उंची बाधली तर खाली उतरणं हाच खरा इलाज, आणि इथं उतरायचं तर आधी चढा!

त्या रात्री नणंदेला उलट्या होत होत्या. डोकं दुखणं, मळमळ, इथवर ठीक. आजूबाजूच्या तंबूंतही तेच चाललं होतं. पण बाहेर जाऊन येताना ती तंबूच्या दोरीला अडखळली. मेंदूला सूज येऊ लागली की तोल जातो, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी दोघींनाही बजावलं होतं. म्हटलं, "सरळ रेषेत चालून दाखव. मागच्या पायाच्या बोटांना पुढची टाच लावून." हेडलॅम्पचा उजेड जमिनीवर धरला. तीन पावलं नीट पडली. चौथं डावीकडं गेलं आणि तिनं दोरी पकडली.

"वहिनी, वारा ढकलतोय गं."

वारा होताच. मलाही ढकलत होता. म्हटलं, "जेवणाच्या तंबूत चल, आत बघू." तशी भडकली. "मी काय दारू पिऊन आलेय? नाही चालणार." आणि नाहीच चालली.

उजाडताच तिला खाली केलाँगला जाणाऱ्या गाडीत बसवलं, तिची बुलेट एका रिकाम्या पिकअपवर चढवली आणि मी मागून निघाले. बर्फ वितळून नाल्यांना दुपारी पाणी चढतं, त्यामुळं थांबून चालणार नव्हतं. बारालाचाच्या चढाला पुढच्या गाडीच्या काचेतून तिचं डोकं दिसायचं. ते जरा कललं की माझा हात ब्रेकवर. केलाँग ३,१०० मीटरवर. संध्याकाळी तिनं राजमा-चावल मागून घेतलं, वर कांदाही मागितला. जाताना तांदीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" ही पाटी वाचून भरलेले पेट्रोलचे कॅन मात्र जवळजवळ तसेच माघारी आले.

तिचं आजही म्हणणं, वारा होता. खाली आल्यावर बरं वाटलं हे मी पुरावा म्हणून सांगते. ती म्हणते, डोकेदुखी होती, ती गेली, त्यात काय.

निघण्यापूर्वी मीच मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, जिला झेपणार नाही तिनं थांबायचं, दुसरी पुढं जाईल. कॅम्पवर लेहला निघालेला एक ग्रूपही होता. "तू जा त्यांच्याबरोबर," असं तीच म्हणाली. नाही गेले. का, ते तुम्हाला सांगायला सोपं आहे: माणूस आधी, लेह मागून. पण रात्रभर तो वारा ऐकताना टांगलांग लाची मलाच धास्ती बसली होती. मग तिचं ते चौथं पाऊल माझ्या सोयीचं पडलं का? कधी वाटतं हो. कधी असं वाटल्याचाच राग येतो. तशी पावलं पुन्हा पडली तर मी पुन्हा फिरेन, एवढं नक्की. मनात काय असेल ते असो.

आता पुन्हा जायचं चाललंय. ती म्हणते श्रीनगरकडून, झोजी ला, कारगिल करत. उंची हळूहळू वाढते. बरोबर आहे तिचं. मी म्हणते मनालीकडूनच, सरचूच्या आधी खाली जिस्पाला जादा मुक्काम करू आणि सरचूला झोपायचंच नाही. यावरून आमचं बोलणं सध्या चालू-बंद असतं, आणि निरोप्याचं काम माझ्या नवऱ्याकडं आलंय.