चारशे एकोणतीसचा पंचनामा

सकाळी सहा पस्तीसला फोन. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव. "मॅडम, ॲप आत घेईना झालंय. 'तुम्हाला परवानगी नाही' म्हणतंय. माझं काय चुकलंय का?"

मागून कॅनचा खणखणाट आणि "अण्णा, आटपा की" अशी कुणाची तरी हाक ऐकू येत होती. पंचवीस वर्षं संस्थेचं दप्तर सांभाळलेला माणूस मला विचारत होता, कमिटीनं काढलं का काय मला. मी त्यांचं लॉगिन हातानं चालू करून दिलं, "काही नाही अण्णा, आमच्याकडंच गडबड आहे" म्हटलं आणि चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत आणखी दोन फोन आले. पावणेआठच्या सुमाराला तर मोबाईल खाली ठेवायची सोय राहिली नाही. आता रड वेगळी होती: लॉगिन होतंय, दूध मोजून होतंय, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक) येतंय, पण पावती निघत नाही. बाहेर किटल्या घेऊन रांग.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, चौघांचं. सभासदानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर ॲपमध्ये जातो, तिथून आमच्या सर्व्हरवर, आणि सर्व्हर ती ओळ एका मोठ्या क्लाउड कंपनीच्या ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये लिहितो. डेटाबेस सोडून स्प्रेडशीट कशाला, असं म्हणून हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. हिशेबनीसांना तेच हवं होतं, दर दहा दिवसांचं बिल ते त्यातच काढतात. ओळ शीटमध्ये पडली असा निरोप परत आला की मगच पावती छापायची, हा शहाणपणा मात्र सर्वस्वी माझा.

आदल्या महिन्यापर्यंत आमच्याकडं १२ संस्था होत्या. एक तारखेला आणखी १४ आल्या आणि आम्ही पेढे वाटले. हा फोन दोन तारखेचा.

लॉग, म्हणजे आमच्या सर्व्हरची नोंदवही, उघडला तर पानभर एकच आकडा: ४२९, ४२९, ४२९. मधेच कुठं ४०३. बाकी काही नाही. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेला कोड होता: कंपनीकडून उत्तर २०० ('काम झालं') आलं तर ठीक, नाही तर आकडा लॉगमध्ये टाक आणि लगेच पुन्हा पाठव. कंपनीच्या सर्व्हरनं आकड्यासोबत जे काही लिहून पाठवलं असेल ते न वाचताच फेकून द्यायचं.

४२९ म्हणजे 'फार रिक्वेस्ट झाल्या'; रिक्वेस्ट म्हणजे सर्व्हरकडं पाठवलेली एक मागणी. हा आकडा एचटीटीपीच्या (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या) मूळ यादीत नव्हता; एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ या मानकानं तो आणला. त्याआधी कुणाला मर्यादा ओलांडल्याबद्दल थांबवायचं असेल तर ज्याला जो आकडा बरा वाटेल तो तो वापरायचा. कुणी ५०३, कुणी ४०३. ही माहिती मला त्या दिवशी नव्हती. असती तर अण्णांना सकाळी सकाळी तो धक्का बसला नसता. ते पुढं सांगते.

मी कंपनीच्या कन्सोलमध्ये (खातं सांभाळायच्या पानावर) कोट्याचा, म्हणजे वापराच्या मर्यादेचा, आलेख काढला. वर लाल रेघ, मिनिटाला ३०० लिहिण्याच्या रिक्वेस्ट. आमची निळी रेघ कुठंतरी शंभराच्या खाली रांगत होती. माझं डोकं फिरलं. तीनशे द्यायचं कबूल करता, आम्ही शंभरसुद्धा घेत नाही, आणि वर कोटा संपला म्हणता?

त्याच तिरीमिरीत पहिली तक्रार लिहिली. आमच्या प्लॅनमध्ये बिलाचे प्रश्न सोडले तर माणसाशी बोलता येत नाही. तांत्रिक तक्रार कंपनीच्या सार्वजनिक यादीत नोंदवायची. मी लिहिलं की तुमची एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमनं शीटशी बोलायची सोय, बिघडली आहे, काल सकाळी ७:४२ पासून चुकीच्या कोटा एरर येत आहेत, आमचा वापर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही, ताबडतोब दुरुस्त करा. सोबत पुरावा म्हणून एका सचिवांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनचा फोटो. त्यात स्क्रीनपेक्षा अंगठाच जास्त दिसत होता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. अगदी सभ्य. तुम्ही म्हणता त्या वेळी तुमच्या प्रोजेक्टवर एकही एरर दिसत नाही. कृपया प्रोजेक्ट क्रमांक, रिक्वेस्ट आयडी, टाइमझोनसह वेळ आणि उत्तराची संपूर्ण बॉडी, म्हणजे आतला मजकूर, द्या.

एकही एरर नाही? आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलानं ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "ताई, त्यांनी ७:४२ यूटीसी बघितलं असणार." आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढं. आमचे ७:४२ म्हणजे त्यांचे रात्रीचे २:१२. त्यांनी बघितलेले ७:४२ म्हणजे इकडे दुपारचा १:१२. त्या वेळी अख्ख्या जिल्ह्यात कुणी दूध काढत नाही; म्हशी सावलीला बसलेल्या असतात. एरर दिसणार कुठून?

वेळेचं निस्तरता आलं, पण बाकीचं द्यायला माझ्याकडं काहीच नव्हतं. रिक्वेस्ट आयडी हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या वरच्या माहितीच्या ओळींमध्ये, येतो, आम्ही हेडर ठेवत नव्हतो. बॉडी तर फेकूनच देत होतो. चोरी झाली म्हणून पोलिसांत जायचं आणि पंचनाम्याआधी घर झाडून पुसून स्वच्छ करायचं, तसलाच प्रकार.

त्या संध्याकाळी लॉगचा कोड बदलला. चूक आली की आकडा, पूर्ण बॉडी, सगळे हेडर, यूटीसीत सेकंदापर्यंत वेळ, कुठल्या खात्यानं पाठवली आणि कितव्यांदा पाठवली, हे सगळं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून मी आणि तो मुलगा लॉगसमोर बसलो. एरर यावी म्हणून वाट बघायची ही माझी पहिलीच वेळ. ७:३१ ला आली.

बॉडीत सगळं लिहिलेलं होतं. स्टेटस 'रिसोर्स एक्झॉस्टेड'. खाली कोणता कोटा ते नाव, कोणत्या प्रोजेक्टचा ते, आणि मर्यादेचं नाव: प्रत्येक प्रोजेक्टमध्ये, प्रत्येक युजरला, मिनिटाला. आकडा ६०.

म्हणजे मर्यादा दोन होत्या. अख्ख्या प्रोजेक्टला मिनिटाला ३००, पण एका युजरला ६०. मी आलेख बघत होते पहिलीचा आणि आपटत होतो दुसरीवर. आता आमचे युजर किती? संस्था २६, सचिव २६, सभासद हजारोंनी. पण कंपनीच्या लेखी एकच. कारण सगळं लिखाण आमचा सर्व्हर एकाच सर्व्हिस अकाउंटवरून (माणसाऐवजी प्रोग्रॅमला दिलेल्या खात्यावरून) करतो. गावातल्या सगळ्यांनी एकाच सभासद क्रमांकावर दूध घालावं आणि वर विचारावं, इतकं दूध या एका म्हशीचं कसं, त्यातली गत. गर्दीच्या वेळी एका केंद्रावर मिनिटाला साधारण तीन जणांचं दूध मोजून होतं. बारा केंद्रांचे झाले ३६, साठच्या आत. सव्वीसांचे ७८. पेढे वाटले तेव्हाच हे गणित करायला हवं होतं.

आणि मानकात शोधायला गेले तर आरएफसी ६५८५ स्पष्टच सांगते की युजर कसा ओळखायचा आणि रिक्वेस्ट कशा मोजायच्या, हे आम्ही ठरवत नाही. उत्तरात कारण समजावून द्यावं आणि किती वेळानं परत यायचं ते 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये सांगता येईल, एवढंच तिचं म्हणणं. कंपनीनं कारण समजावलं होतं. वाचलं नव्हतं ते मी.

'लगेच पुन्हा पाठव' या ओळीनं आगीत तेल ओतलं होतं ते वेगळंच. साठ ओळी गेल्या, अठरा परत आल्या. त्या अठरा ओळी सेकंदाला चार-चारदा दार ठोठावणार, मिनिट बदललं की नव्या मिनिटाच्या साठातला वाटा त्याच खाणार, आणि नवीन आलेल्या ओळी मागं पडणार. साडेसातला सुरू झालेली तुंबलेली रांग म्हणून नऊपर्यंत हलत नव्हती.

तरीही तक्रार मागं घेतली नाही, कारण माझ्या मते दोन गोष्टी खरंच तक्रारीच्या होत्या. पण या वेळी नीट लिहायची ठरवली. आधी पंचवीस-एक ओळींचा छोटा प्रोग्रॅम केला, ज्यात दूध नाही, संस्था नाही, काही नाही: एक रिकामी शीट, एक खातं, एका मिनिटात ७० रिक्वेस्ट. साठीच्या आसपास ४२९ सुरू. मग त्याच ७० रिक्वेस्ट दोन खात्यांवरून, ३५-३५. सगळ्या पास. एवढं दाखवलं की वादाला जागा राहत नाही.

चिकटवताना एक मोठं संकट टळलं. रिक्वेस्ट जशीच्या तशी कॉपी केली होती आणि 'पाठवा'वर बोट टेकणार एवढ्यात ऑथरायझेशनचा हेडर दिसला. 'बेअरर'च्या पुढं लांबलचक टोकन, आमच्या खात्याची चालू किल्ली, आणि यादी सार्वजनिक! खाली बॉडीत सभासदांची नावं आणि लिटरचे आकडे. टोकन खोडलं, नावांच्या जागी 'क', 'ख' घातलं, प्रोजेक्टचा क्रमांक तेवढा ठेवला. रिक्वेस्ट आयडीही ठेवला, कारण त्यावरूनच कंपनीतल्या माणसाला आपली रिक्वेस्ट त्यांच्या लॉगमध्ये सापडते.

मजकूर सहा वाक्यांचा झाला. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, यूटीसीत कधी, प्रोग्रॅम कसा चालवायचा, आणि आमची मागणी काय. 'ताबडतोब' हा शब्द नव्हता. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

पहिली मागणी अशी की प्रत्येक युजरची मर्यादा त्या आलेखावर दाखवा, नाही तर माणूस निळ्या रेघेकडं बघत वेडा होतो. त्यावर 'मागणी नोंदवली' एवढंच उत्तर मिळालं. दुसरी गोष्ट ४०३ ची. सकाळी साडेसहाला पाळी सुरू होताना आमचा सर्व्हर प्रत्येक केंद्रासाठी त्या दिवसाची फाइल तयार करतो आणि सचिवांना ती बघण्याची परवानगी देतो. हे काम त्याच कंपनीच्या फाइल साठवणाऱ्या सेवेचं. सव्वीस केंद्रं एकदम सुरू झाली की तिथंही गर्दीची मर्यादा लागते, पण ती सेवा कधीकधी ४२९ च्या ऐवजी ४०३ देते आणि खरं कारण, रेट लिमिट, बॉडीत लिहिते. ४०३ चा सरळ अर्थ 'मनाई'. आमचा कोड आज्ञाधारक: मनाई दिसली की त्या सचिवांचं लॉगिन बंद करायचं आणि पडद्यावर 'तुम्हाला परवानगी नाही' दाखवायचं. अण्णांची नोकरी गेली ती अशी.

यावर कंपनीचं म्हणणं होतं की हे असंच अपेक्षित आहे, आणि सोबत दस्तऐवजाच्या एका पानाची लिंक. पान उघडलं. लिहिलेलं होतं, अगदी तक्त्यात. मला अजूनही वाटतं की एकाच घरच्या दोन सेवांनी एकाच गोष्टीला दोन आकडे देऊ नयेत, पण 'सांगितलं नव्हतं' असं म्हणायची सोय त्या तक्त्यानं ठेवली नाही.

मर्यादा वाढवून मिळावी म्हणून अर्जही केला होता. उत्तर आलं: आधी रिक्वेस्ट एकत्र करून बघा. राग आला, पण केलं. आता दर दहा सेकंदांनी साचलेल्या सगळ्या ओळी एकाच रिक्वेस्टमध्ये जातात. मिनिटाला सहा रिक्वेस्ट! ७८ च्या जागी सहा. अर्ज मुकाट्यानं मागं घेतला. तरीही अडलंच तर एक, दोन, चार, आठ सेकंद असं दुपटीनं थांबून पुन्हा पाठवायचं, आणि त्यात थोडा चुकार वेळ (दर खेपेला वेगळा, कसाही निवडलेला) मिसळायचा. तो चुकार वेळ महत्त्वाचा, नाही तर सगळे बरोबर आठव्या सेकंदाला पुन्हा एकदम येतात, एसटी लागली की सगळे एकाच दारात घुसतात तसे. ४०३ आला तर आधी बॉडीतलं कारण वाचायचं आणि मगच कुणाला मनाई करायची.

राहिला पडद्यावरचा मजकूर. तो मी अण्णांना फोनवर वाचून दाखवला. "सर्व्हर व्यस्त आहे, कृपया काही वेळाने प्रयत्न करा."

"व्यस्त म्हंजे?"

"म्हणजे गर्दी आहे."

"मग गर्दी म्हणा की. आणि काही वेळ म्हंजे किती? हितं रांगेत माणसं हायत. त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नका. नोंद फोनमध्येच राहील, जाईल आपोआप."

"मग त्येच लिवा. पावतीचं काय?"

पावती आता शीटची वाट बघत नाही. नोंद फोनमध्ये पडली की छापली जाते. मजकूर असा झाला: "गर्दी आहे. नोंद फोनमध्ये ठेवली आहे, आपोआप जाईल. पावती घ्या, पुढचं दूध मोजा."

तक्रारीतली पहिली मागणी अजून उघडीच आहे. अधूनमधून कुणी अनोळखी माणूस खाली 'आम्हालाही हेच' असं लिहून जातो आणि मला मेल येते. गेल्या आठवड्यात सकाळी सहा चाळीसला पुन्हा अण्णांचं नाव फोनवर दिसलं आणि पोटात गोळा आला. लॉग उघडत उघडतच फोन घेतला.

"मॅडम, म्हशीचा दर बदललाय. तेवढा चार्टात घालून द्या."